शाळेच्या रोबोट स्पर्धेत उतरायचंय? नियम काय असतात, तयारी कशी करायची, पैसे कुठं वाचवायचे

कडेगाव : रोबोटिक्सची स्पर्धा म्हटलं की ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम, असा समज आजही आहे. प्रत्यक्षात सहावीपासूनच्या मुलांना यात उतरता येतं. मात्र नियम न वाचता किट विकत घेतलं, तर पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त. त्यामुळं आधी नियम, मग खरेदी.

यातली मोठी स्पर्धा म्हणजे वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड. पहिली जागतिक फेरी 2004 साली सिंगापूरला झाली. 2016 ची जागतिक फेरी दिल्लीत झाली होती. भारतातली फेरी इंडिया स्टेम फाउंडेशन ही संस्था भरवत आली आहे. शाळेतल्या मुलांना त्यातला 'रोबोमिशन' हा गट सोयीचा. त्यात 8 ते 12, 11 ते 15 आणि 14 ते 19 असे वयाचे तीन गट आहेत. त्या वर्षात मूल किती वर्षांचं होतं ते धरतात, म्हणून जन्मतारखेचा दाखला आधीच बघून ठेवावा. संघ दोन किंवा तीन मुलांचा असतो. सोबत एक मोठा माणूस मार्गदर्शक म्हणून लागतो.

सुरू होण्याआधी रोबोट 25 सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीच्या चौकटीत बसला पाहिजे. चालू झाल्यावर हात पसरले तरी चालतं. एका फेरीला दोन मिनिटं. त्या वेळात रोबोटनं ठोकळे उचलणं, रंग ओळखून जागेवर ठेवणं अशी कामं स्वतःच्या प्रोग्रामवर करायची. रिमोट नाही, मोबाईलवरून ब्लूटूथ नाही. गुण सारखे झाले तर कमी वेळ घेणारा संघ वर जातो. ऐनवेळी जाहीर होणारा एखादा नवा नियमही असतो. पाठ करून आलेली पोरं तिथंच गडबडतात.

आणखी एक नियम पालकांनी आणि सरांनी नीट ध्यानात घ्यावा. स्पर्धा चालू असताना मार्गदर्शकानं मदत करायची नाही. रोबोट सरांनी बनवला आणि मुलानं नुसतं बटण दाबलं, हे परीक्षकांच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

दुसरी स्पर्धा फर्स्ट लेगो लीग. संघात 10 पर्यंत मुलं, फेरी अडीच मिनिटांची. पण नुसत्या रोबोटवर भागत नाही. रोबोटची रचना समजावून सांगणं, एका प्रश्नावरचा प्रकल्प आणि संघाची वागणूक यालाही गुण आहेत. बोलक्या मुलांना इथं वाव आहे. खर्च मात्र जास्त, कारण लेगोचेच भाग लागतात.

तालुका आणि कॉलेज पातळीवर बहुतेक वेळा काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट करायला सांगतात. सुरुवात इथूनच करणं शहाणपणाचं. आर्डुइनो बोर्ड, दोन मोटारी, मोटार चालवायचा ड्रायव्हर, दोन-तीन आयआर सेन्सर आणि बॅटरी एवढ्यावर तो उभा राहतो. पट्टीसाठी वायरमनकडची काळी चिकटपट्टी चालते.

बिघाड ठरलेले असतात. पहिला बॅटरीचा. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटारींना पुरेसा करंट देत नाही. रोबोट दोन फूट जातो आणि बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो. मुलं प्रोग्राम तपासत बसतात, दोष असतो बॅटरीत. चार्ज होणारे लिथियम सेल बरे, पण त्यांचा शॉर्ट झाला तर आग लागते, तेव्हा चार्जिंगला लावून रानात जाऊ नये. दुसरा बिघाड उन्हाचा. आयआर सेन्सर डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांवर चालतो आणि तेच किरण उन्हातही असतात. त्यामुळं वर्गात सरळ चालणारा रोबोट व्हरांड्यात भरकटतो. स्पर्धेच्या हॉलमध्ये गेल्यावर छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं सेन्सर पुन्हा लावून घ्यायचा. तिसरा धुळीचा. आपल्याकडं फरशीवर माती असतेच. चाकं घसरली की वळण चुकतं. प्रत्येक फेरीआधी चाकं ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करावीत. बोर्ड आणि ड्रायव्हर यांची ग्राउंड वायर एकत्र जोडलेली आहे का, हेही बघावं.

रोबोमिशनचा पट सुमारे पावणेआठ फूट बाय पावणेचार फूट असतो. तो वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडून छापून घेता येतो. गावोगावच्या फ्लेक्सपेक्षा हा खर्च सत्कारणी! फक्त चकाकणारा नको, उजेड परावर्तित होऊन सेन्सर फसतो.

सराव रोज तासभर झाला तरी पुरे. तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात. असा वेळ जोडणी, वायरिंग आणि वहीत आराखडा काढायला वापरता येतो. त्याला मोबाईल लागतच नाही. वहीत रोजची नोंद हवी: काय बदललं, त्यानं काय झालं. कामं वाटून द्यावीत आणि आठवड्यानं बदलावीत. नाहीतर मुलगे वायरी जोडतात आणि मुलींच्या वाट्याला तक्ता रंगवणं येतं. हे अनेक विज्ञान प्रदर्शनांत दिसतं आणि ते थांबलं पाहिजे.

पैशाचं म्हणाल, तर खासगी क्लासची भारी फी भरण्याआधी शाळेत चौकशी करावी. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी मंजूर शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. जवळच्या शाळेत लॅब असेल तर मुख्याध्यापकांनी पत्र देऊन सरावाची परवानगी मागावी. केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेला पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात. कल्पना निवडली गेली तर मुलाच्या खात्यावर 10 हजार रुपये येतात. तिथं रोबोटच पाहिजे असं नाही. ऊस लागणीतला, पाणी पाजण्यातला एखादा त्रास कमी करणारी नवी कल्पनाही चालते. खातं मात्र चालू आणि आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर पैसे अडकतात.

स्पर्धेच्या दिवशी पिशवीत जास्तीचे सेल, दोन सेन्सर, चिकटपट्टी, जम्पर वायरी, स्क्रू ड्रायव्हर, प्रोग्रामची पेनड्राइव्हवरची प्रत आणि ओळखपत्रं असावीत. नोंदणी फी आणि शेवटची तारीख दरवर्षी बदलते. ती स्पर्धेच्या संकेतस्थळावरच बघावी, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर पैसे भरू नयेत.