आपली चूक आपणच सुधारणारे यंत्र

संगणकाच्या कारभारात झालेली चूक संगणकानेच शोधावी आणि माणसाचा हात न लागता दुरुस्त करावी, अशी सॉफ्टवेअरे आता निघाली आहेत. ही कल्पना अगदी नवी आणि परकी आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु भोर-वेल्ह्याच्या माणसाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. भाटघरच्या धरणावर तिचे लोखंडी रूप आमच्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे.

भोर संस्थानात वेळवंडी नदीवर पहिले भाटघर धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. 1927 च्या सुमारास त्याहून उंच असे लॉइड धरण पुरे झाले. या धरणात आज साडेतेवीस टीएमसी पाणी मावते आणि त्याला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी आपल्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे 1903 साली बसविले होते. अशा दरवाज्यांच्या एका प्रकाराचे तत्त्व साधे आहे. साखळीच्या एका टोकाला दरवाजा, दुसऱ्याला वजन. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ते वजनाच्या हौदात शिरते, बुडालेले वजन हलके होते, तोल फिरतो आणि दरवाजा उघडतो. पाणी उतरले की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड होते, दरवाजा मिटतो. आडातली घागर पाण्यात असेतोवर हलकी लागते आणि वर येताच हाताला जड होते, हे जिने अनुभवले आहे तिला याचे गणित शिकवावे लागत नाही.

पाहणे, बिघाड ओळखणे आणि तो सुधारणे ही तीन कामे येथे एकाच यंत्राकडे आली. गणकयंत्रांना हे साधायला वेळ लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग सुट्टीच्या दिवशी यंत्राला काम लावून जात. चूक झाली हे यंत्राला कळे, पण कोठे झाली ते कळत नसे. मग काम अर्धेच राही. या वैतागातून त्यांनी जादा तपासणी-आकडे जोडून चूक नेमकी हुडकण्याची व सुधारण्याची पद्धत शोधली. ती 1950 साली प्रसिद्ध झाली. साठीच्या दशकात दूरच्या अवकाशयानांसाठी स्वतःची तपासणी व दुरुस्ती करणारा संगणक अमेरिकेत घडविण्यात आला, कारण तेथे मिस्त्री पाठविता येत नाही. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सीने 1981 साली पुण्यात संशोधन केंद्र काढले, आणि पुढे सन 2000 च्या तारखांचा घोळ निस्तरताना दुरुस्ती आपोआप करणारी साधने बनविली. 2016 साली अमेरिकेत लास व्हेगासला सात यंत्रांची स्पर्धा झाली. सॉफ्टवेअरमधली भगदाडे शोधायची आणि बुजवायची, माणसाने मध्ये पडायचे नाही, असा नियम होता. जिंकलेले यंत्र लगेच माणसांच्या चमूंसमोर उतरविले, तेव्हा ते शेवटचे आले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु भाटघरचा दरवाजा कोणती चूक सुधारतो? जी त्याच्या कर्त्याने आधी मनात आणली होती तीच. न कल्पिलेली चूक झाली म्हणजे काय होते, ते वेल्हे तालुक्यातच पाहावयास मिळाले. पानशेतचे मातीचे धरण 1961 च्या पावसाळ्यात पुरते तयार नसतानाच भरू लागले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, तेथेच बांध खचू लागला. तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि पुणे बुडाले. धरण गेलेच, पण त्या हातांनी काही तास मिळवून दिले, म्हणून लोंढा शहरात रात्री न येता दिवसाउजेडी आला.

संगणकाचे पानशेत 19 जुलै 2024 रोजी झाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेने जगभर सुमारे 85 लाख यंत्रे बंद पडली. राखणीसाठी ठेवलेल्या प्रणालीनेच दार अडविले. दुरुस्ती दुरूनच पाठवावी, तर बहुतेक यंत्रे सुरूच होईनात. अखेर माणसे एकेका यंत्रापाशी गेली आणि हाताने ती फाइल काढून टाकावी लागली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले प्रवेशपत्र प्रवाशांना मिळाले.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आले, तेव्हा कामगारांनी विचारले होते, किती हातांचे काम जाणार? तो प्रश्न रास्त होता आणि आजही सुटलेला नाही. आता त्याला दुसरा जोडला पाहिजे. ज्या दिवशी यंत्राला आपली चूक ओळखता येणार नाही, त्या दिवशी ती ओळखणारे कोणी पगारावर उरलेले असेल काय? वर्षभर काही बिघडत नाही म्हणून रात्रपाळीचा माणूस कमी केला जातो, आणि त्याच्याबरोबर कोणता नट ढिला होतो, कोणता आवाज वाईट, ही विद्याही जाते. मग अपघात झाला की दोष उरलेल्या एकट्या पहारेकऱ्याच्या माथी मारला जातो.

म्हणून आमचे मागणे यंत्राविरुद्ध नाही. यंत्राने काय बदलले त्याची नोंद माणसाला वाचता येईल अशी राहावी. त्याला थांबविण्याचा अधिकार कामावरच्या माणसाला असावा. आणि हाताने काम करण्याची तालीम दरवर्षी व्हावी, जशी पावसाळ्याआधी दरवाज्यांची तपासणी होते. भाटघरचे दरवाजे आपोआप उघडतात हे खरे. परंतु ते आपोआप गंजतातही, आणि त्यांना वंगण घालायला अजून माणूसच जिना चढतो. बँकेत, दवाखान्यात, वीज-कचेरीत नवी प्रणाली बसली असे ऐकाल, तेव्हा तो माणूस कामावर ठेवला आहे ना, एवढे मात्र नागरिकांनी विचारावे.