पहिलीचे वर्ष : पाटीपासून वाक्यापर्यंत

जूनच्या मध्यास राज्यातील शाळांची घंटा वाजते. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे ती जूनच्या अखेरीस वाजते. प्रवेशोत्सव, गुलाबाचे फूल, नवी कोरी पुस्तके असा समारंभ पहिल्या दिवशी पार पडतो. त्यानंतर उरते ते जवळपास दहा महिन्यांचे वर्ष. शिक्षणाचा हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. या ८०० तासांत सहा वर्षांच्या मुलाने अक्षर ओळखावे, चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य स्वतः वाचावे आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, अशी अपेक्षा आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीसाठी हेच उद्दिष्ट ठरविले गेले. वरकरणी माफक वाटणारी ही अपेक्षा अनेक वर्गांत अपुरी राहते.

पहिले काही आठवडे अभ्यासाचे नसतातच. रडणे थांबविणे, रांगेत उभे राहणे, हजेरीला 'उपस्थित' म्हणणे आणि लघवीला जायचे असल्यास न घाबरता बाईंना सांगणे, हाच त्या दिवसांचा पाठ असतो. परिपाठ, बडबडगीते, गोष्टी, मण्यांची माळ ओवणे, मातीचे गोळे वळणे यांतून बोटांना वळण लागते. ज्या मुलांनी बालवाडी वा अंगणवाडी पाहिली आहे ती लवकर रुळतात. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मात्र फळ्यावरच्या अक्षराआधी बाईंची भाषाच शिकावी लागते. या मुलांचा पहिला महिना इतरांच्या तीन महिन्यांएवढा असतो, आणि वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात त्याची नोंद कोठेही नसते.

आषाढीच्या सुमारास बालदिंडी निघते, ऑगस्टमध्ये राख्या आणि प्रभातफेरी होते, भाद्रपदात शाडूचे गणपती घडतात. याच दिवसांत अक्षरांची खरी लढाई सुरू असते. जुन्या पिढीला 'ग म भ न' हा क्रम पाठ आहे. वळणाने सारखी अक्षरे एकत्र शिकवावीत, हे त्यामागील तत्त्व होते. ते लेखनाला सोयीचे. वाचनाला मात्र अर्थपूर्ण शब्द लवकर तयार होणे महत्त्वाचे. म्हणून पुढे अक्षरांचे छोटे गट घेऊन, त्यांना काना जोडून लगेच शब्द वाचावयास देण्याची पद्धत रुजली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात मॅक्सीन बर्नसन यांनी या दिशेने केलेले काम महत्त्वाचे आहे. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलाच्या अनुभवाला पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीचे स्थान दिले. या दोन्ही प्रयोगांचे पडसाद पुढे अनेक शिक्षकांच्या कामात उमटले.

मराठी लिपी उच्चारानुसारी असल्याने ती शिकणे सोपे, असे सरसकट म्हटले जाते. वर्गातील अनुभव तितका सरळ नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांत मुले हमखास अडखळतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची, हा उलटा व्यवहार त्यांना पटत नाही. 'चाक' आणि 'चहा' यांतला 'च' एकच कसा, हा प्रश्न विचारणारे मूल चुकीचे नसून बारीक कानाचे असते. काना, मात्रा, वेलांटी, उकार ही साखळी बहुधा दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येते. येथेच वर्गाचे दोन भाग पडू लागतात. काही मुले शब्द 'वाचतात', तर काही तो चित्रावरून वा शेजाऱ्याच्या तोंडून उचलून म्हणतात. सुरात म्हटलेला धडा पाठ झालेला असतो, वाचता आलेला नसतो. पालकांना, क्वचित शिक्षकांनाही, हा फरक उशिरा उमगतो.

गणिताची अडचण वेगळी आहे. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे यांनी दशक-एकक समजते. पण संख्यांची मराठी नावे दशकाशी फारकत घेतात. लिहिताना आधी दोन आणि मग एक. बोलताना मात्र 'एकवीस'. 'एकोणतीस' म्हणताना तर तिसातून एक वजा करावा लागतो, आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच नव्व्याण्णव तो मोडून टाकते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची जोड पद्धत आली, तेव्हा विधिमंडळापासून नाक्यापर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांना होणारा त्रास समोर ठेवून हा पर्याय मांडला होता, आणि जुनी नावेही पुस्तकातून हद्दपार झाली नव्हती. चर्चा मात्र मुलांच्या त्रासाची न होता भाषेच्या अब्रूची झाली.

मधल्या सुट्टीतील खिचडी हा या वर्षाचा बिनपुस्तकी पण अत्यावश्यक तास होय. प्राथमिक वर्गातील मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. उपाशीपोटी आलेले मूल अकरा वाजल्यानंतर फळ्याकडे पाहात नाही, हे कोणतीही शिक्षिका सांगेल.

दिवाळीनंतरचे सत्र शहरातील वाचकाला स्नेहसंमेलन, सहल आणि संक्रांतीच्या तिळगुळासाठी आठवते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मध्येच बालआनंद मेळाव्यात मुलांनी मांडलेली भाजीची दुकाने आणि सुट्ट्या पैशांचा खराखुरा हिशेब. बीड जिल्ह्यासारख्या भागात मात्र याच सुमारास पट रोडावतो. ऊसतोडणीसाठी आई-वडील बाहेर पडतात आणि मूलही बैलगाडीत बसते. हंगाम संपून ते परतते तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. मात्रा, उकार, जोडाक्षरांची ओळख, वजाबाकी हे सारे नेमके त्या काळात शिकवून झालेले असते. गावातच आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. तथापि सहा वर्षांचे लेकरू मागे ठेवण्यास आई सहजी तयार होत नाही, आणि तिला दोष देणेही अवघड आहे.

लहान गावांतील वर्ग म्हणजे बहुधा एकच खोली. साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक, हा कायद्याचा हिशेब. म्हणजे पहिली ते चौथी मिळून दोघेच. चौथीचा भागाकार चालू असताना पहिलीला पाटीवर गिरवायला दिलेले असते. शिकवण्याचे ८०० तास येथे प्रत्यक्षात किती उरतात, याचा अंदाज वाचकाने करावा.

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० आणि संकलितला ३० गुणांचा भार देण्यात आला. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम यांना महत्त्व देणारी ही रचना सहा वर्षांच्या मुलासाठी योग्यच होती. मात्र त्यासोबतच्या वर्णनात्मक नोंदी साचेबद्ध होत गेल्या. 'वाचनात गोडी घेतो' अशी नोंद असलेल्या मुलाला वाचता येतेच असे नाही. प्रगतिपुस्तकावर श्रेणी येते आणि मूल दुसरीत जाते. नापास न करण्याचे धोरण लहान वयासाठी रास्त आहे. प्रश्न आहे तो न शिकलेले पुढे कोण शिकवणार, हा. राज्याने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. त्यामुळे पहिलीत राहून गेलेली वेलांटी आता पाचवीत हिशेब मागू लागली आहे.

करोनाकाळाने याचे मोठे प्रात्यक्षिक दाखविले. मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बहुतांशी उघडले नाहीत. त्या दरम्यान पहिलीत नाव असलेली मुले वर्गखोली न पाहताच दुसरीत गेली.

अलीकडे बदल वेगाने होत आहेत. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवाव्यात, हा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. पहिलीपासून हिंदीचे दोन शासन निर्णय २०२५ मध्ये निघाले आणि जूनअखेर मागेही घेतले गेले. त्याच वर्षी पहिलीचा नवा अभ्यासक्रम आला. इंग्रजी तर २००० पासून पहिलीत आहेच.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा, दुसरे संकलित मूल्यमापन आणि १ मेच्या सुमारास निकाल. काही शाळांत पहिलीच्या बाई मुलांबरोबरच दुसरीत जातात. कोणाला वेलांटी येत नाही आणि कोणाचा हातचा चुकतो, हे त्यांना वहीत न पाहता ठाऊक असते. जूनमध्ये उजळणी तेथूनच सुरू होते. जेथे बदलीमुळे नवे शिक्षक येतात, तेथे त्यांच्या हाती पडते ते प्रगतिपुस्तक.