तळटीप : स्नोड्रॉपवाले पालक

'स्नोड्रॉपवाले पालक' : स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत १३ मार्च १९९६च्या सकाळी एक माणूस व्यायामशाळेत शिरला आणि त्याने पहिलीच्या वर्गावर गोळ्या झाडल्या. पाच-सहा वर्षांची १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका ठार झाल्या. त्याच्याजवळ दोन पिस्तुले आणि दोन रिव्हॉल्व्हर होती, चारही रीतसर परवान्याची. लेखकाचा पुढचा सारा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवतो.

मुले गमावलेल्या कुटुंबांच्या स्नेह्यांनी हातबंदुकांवर बंदी मागणारा अर्ज काढला. त्या दिवसांत तिथे स्नोड्रॉपची पांढरी फुले तेवढी फुललेली होती. अर्जाला तेच नाव मिळाले. सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. इतक्या ताज्या दुःखात माणसांना अनोळखी लोकांपुढे कागद धरता आला, याला केवढे धैर्य लागले असेल! नेमबाजी क्लबांचा विरोध कडवा होता आणि लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालानेही सरसकट बंदीचा आग्रह धरला नव्हता. तरी मेजर सरकारने १९९७ मध्ये .२२ बोअरखेरीज बाकी हातबंदुकांवर बंदी आणली. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या ब्लेअर सरकारने .२२चीही सवलत काढून घेतली. शस्त्रे जमा करणाऱ्यांना भरपाई दिली गेली.

मूळ मजकुरात ही बंदी 'साऱ्या युनायटेड किंगडममध्ये' लागू झाल्याचे म्हटले आहे. ते तेवढे दुरुस्त करून वाचावे. उत्तर आयर्लंड तिच्यातून वगळलेले आहे. – संपादक