शाळामास्तर रहीमसाहेब आणि नवा हंगाम

महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला नवे प्रशिक्षक लाभले, की हंगाम सुरू होण्यापूर्वीच सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : यंदा चषक येणार काय? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. नव्या प्रशिक्षकाकडून नेमकी कशाची अपेक्षा धरावी, याचे उत्तर आपल्याच देशातील एका शाळामास्तराने आपल्या कार्याने देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. फुटबॉलच्या जगात ते 'रहीमसाहेब' म्हणूनच ओळखले गेले.

१७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. १९१८ साली स्थापन झालेल्या आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि विद्यापीठाच्या संघातून खेळले. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानातच असल्याने आपल्याकडील कितीतरी घराण्यांतील मुले याच विद्यापीठात शिकली, हे येथे आठवावे. शिक्षण संपल्यावर रहीमसाहेबांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट येथील शाळांत त्यांनी मुलांना शिकविले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि १९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले.

तो काळ साधा नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले होते. जुनी व्यवस्था मोडली होती, नवी अजून बसायची होती. अनेक मुस्लिम कुटुंबांत पुढे काय होणार याची धास्ती होती. अशा वेळी या शहराचा एक संघ देशाच्या मैदानांवर उतरला आणि पहिल्याच वर्षी, १९५० मध्ये, मुंबईचा रोव्हर्स चषक आणि मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही घेऊन गेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबादकडेच राहिला. पुढे हैदराबादने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष करंडकही जिंकला.

हे यश एका हंगामाचे नव्हते. त्यामागे शिक्षकाची पद्धत होती. वर्गात जो विषय कच्चा, त्याचाच सराव अधिक, हा मास्तरांचा नियम रहीमसाहेबांनी मैदानावर आणला. ते कमजोर पायाच्या स्पर्धा भरवीत. ज्याचा उजवा पाय तयार, त्याने डाव्यानेच खेळायचे. चेंडू स्वतःकडे खेळवत ठेवण्यास मनाई असलेले सामनेही ते घेत, म्हणजे खेळाडूला चटकन सहकाऱ्याकडे चेंडू देण्याची सवय लागे. एकट्याने वाहवा मिळविण्यापेक्षा जवळचे, जमिनीवरून जाणारे पास त्यांना अधिक प्रिय होते.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळविले. पण दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. हा पराभव कोणावर ढकलण्याऐवजी त्यातून शिकायचे ठरले. यापुढे बूट घालूनच खेळावे असा दंडक झाला आणि सरावाची घडी बदलली. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने नमविले आणि अखेर चौथा क्रमांक पटकावला. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मूळचे गोव्याचे, मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. संघात नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते. निरनिराळ्या धर्मांची आणि भाषांची ही मुले एकमेकांना पास देत होती. राष्ट्रीय एकात्मतेवरील अनेक व्याख्यानांनी जे साधत नाही, ते येथे सहज साधले.

शेवटची परीक्षा १९६२ साली जकार्तात झाली. इस्रायल व तैवान यांना प्रवेश नाकारल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने हरकत घेतल्याने तेथील प्रेक्षक भारतावर संतापलेले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गमावला. बचाव फळीतील जर्नैलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना घरी न पाठविता आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी एकेक गोल केला आणि भारत २-१ ने जिंकला. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब कर्करोगाने अल्लाहला प्यारे झाले. वयाची चोपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे लोटली होती. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र जकार्तानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही.

या इतिहासातून आपल्या शिक्षणसंस्थांनी काय घ्यावे? कवायतीचा तास गणिताला देऊन टाकण्याची आणि मैदानाच्या जागेवर इमारत उठविण्याची घाई आपण अनेक ठिकाणी पाहतो. पालकही म्हणतात, खेळून काय पोट भरणार? रहीमसाहेबांनी शाळा आणि मैदान यांत भेद मानला नाही. त्यांच्या हाती आलेले तरुण फार श्रीमंत घरचे नव्हते. त्यांना शिस्त आणि सवय मिळाली, आणि त्यातून आत्मविश्वास आला.

तेव्हा नव्या प्रशिक्षकांना पहिल्याच हंगामात चषकाचा जाब विचारू नये. विचारायचे असेल तर एवढेच विचारावे : मुले रोज मैदानावर येतात काय, कमजोर पाय तयार होतो आहे काय, आणि हरल्यानंतर ती एकमेकांना दोष देतात की पुन्हा सरावाला लागतात? याची उत्तरे समाधानकारक असतील, तर चषक आज ना उद्या येईल, इन्शाअल्लाह. आणि समजा नाहीच आला, तरी चांगली माणसे घडलेली असतील. शिक्षणसंस्थेचे खरे काम तेच आहे.