नवापूरच्या कोंबड्या आणि माझी एक जुनी बातमी

परवा एक मित्र घरी आला. अंगणातल्या कोंबड्या बघून म्हणाला, "काय राव, पेपर सोडून पोल्ट्री काढली का?" नऊ कोंबड्या, दोन तलंगा आणि एक तुऱ्याचा तांबडा कोंबडा, याला कुणी पोल्ट्री म्हणत असेल तर म्हणू दे. पण या कोंबड्या माझ्याकडे का आल्या, ते त्याला चहाच्या कपात सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, हे सरकारने त्या दिवशी जाहीर केलं. त्याआधी काही दिवसांपासून तिथल्या फार्मवर कोंबड्या पटापट मरत होत्या आणि सगळे म्हणत होते, राणीखेत आहे. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथून उत्तर आलं, एच-५ एन-१.

मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो. डिप्लोमाची शाई वाळली नव्हती आणि एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर म्हणून मोटरसायकलवर फिरत होतो. नवापूर म्हणजे अर्धं रेल्वे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, असलं गाव. एरवी बातमीला तिथे कोण जातं? त्या आठवड्यात मात्र दिल्लीचे चॅनेलवाले छत्र्या लावलेल्या गाड्या घेऊन उभे होते. पांढऱ्या किटमधली पथकं, चुन्याच्या पिशव्या, जेसीबीने खणलेले खड्डे. रेल्वेने आणि विमान कंपन्यांनी जेवणातून चिकन काढून टाकलं. पुण्या-मुंबईत बॉयलर मातीमोल झालं.

नियम असा होता की बाधित जागेपासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारायचे. सगळे म्हणजे सगळे. लाखभर लेयरच्या शेडमधले आणि पाड्यावरच्या झोपडीत डालग्याखाली झाकलेले चारही. रोग आवरायला तो नियम लागत होता, यावर माझा वाद नाही. त्या वर्षी देशात एकाही माणसाला लागण झाल्याचं आढळलं नाही. वाद माझा माझ्याशीच आहे.

एका पाड्यावर पथकामागे गेलो होतो. एका म्हातारीने कोंबडी धान्याच्या कणगीमागे लपवली होती. कोंबडी खुडूक होती, अंड्यांवरून उठवली म्हणून ओरडली आणि सापडली. म्हातारी रडली नाही. मावचीत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. संध्याकाळी बातमी पाठवली. तिच्यात एक वाक्य होतं: गावातल्या मोकाट कोंबड्यांमुळे रोग पसरत असून ग्रामस्थ सहकार्य करत नाहीत. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. हवेत होतं, उचललं. प्रत्यक्षात त्या वेळी नवापुरात रोग उघड झाला तो मोठ्या फार्मवर. पुढच्या महिन्यात जळगावच्या काही गावांत तो घरगुती कोंबड्यांत सापडला आणि २००८ला पश्चिम बंगालमध्ये तर बहुतेक परसातच. म्हणजे गावरान निर्दोष असंही नाही. पण त्या दिवशी, त्या पाड्यावर, माझ्याकडे पुरावा नव्हता.

ती बातमी अजून माझ्या ट्रंकेत आहे.

नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की कणगीमागे लपवलेल्या त्या कोंबडीचा इतिहास आपल्या फार्मच्या इतिहासापेक्षा कितीतरी रंजक आहे. डार्विनने १८६८च्या ग्रंथात मांडलं की जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. आजच्या जनुकीय अभ्यासाने ते बरंचसं खरं ठरवलं, फक्त मूळ जागा दक्षिण चीन, म्यानमार, थायलंडच्या बाजूला सरकवली. पण एक भर घातली. २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं की कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय तांबड्याकडून आलेले नाहीत. ते आले राखी रानकोंबड्याकडून. तो फक्त भारतात राहतो, आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो तोच. म्हणजे अमेरिकेतल्या फार्मवरच्या पिवळ्या पायाच्या कोंबडीतही आपल्या जंगलाचा एक धागा आहे. हे वाचलं त्या दिवशी मी बाजारात बॉयलरच्या पिंजऱ्यासमोर उगाच पाच मिनिटं उभा राहिलो.

मग गावरान मागे का पडली? स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणात 'सुधारणा' हा शब्द आला. ऱ्होड आयलँड रेडचे, व्हाइट लेगहॉर्नचे कोंबडे गावात वाटायचे, संकर करायचा, अंडी वाढवायची. हेतू वाईट नव्हता, देशाला प्रथिनं हवी होती. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. एकवीस दिवस उबवणार, मग पिल्लं सांभाळणार. वर्षाला पन्नास-साठ अंडी झाली तरी खूप. लेयर तीनशे घालते. हिशोबात कोण जिंकणार? सत्तरच्या दशकात खासगी हॅचरी आल्या, १९८२ला अंड्यांचे भाव ठरवणारी समन्वय समिती आली, आणि महाराष्ट्र-आंध्रात हा धंदा असा वाढला की नवापूरसारख्या आदिवासी तालुक्यातही शेड उभ्या राहिल्या.

त्या तीनशे अंड्यांची किंमत एका शब्दात आहे: खुडूक. जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूकपणा काढून टाकला. लेयर अंडी घालते, पण उबवत नाही. गावासाठी म्हणून बंगळूर-हैदराबादच्या संस्थांनी तयार केलेल्या गिरिराज, वनराज या चांगल्या जाती आहेत, वजन धरतात, रंगीत दिसतात. पण त्याही सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं पुन्हा विकत आणा. ज्या बाईकडे खुडूक बसणारी एक कोंबडी आहे, तिला कुणाच्या दारात जावं लागत नाही. चारची वीस होतात, दोन विकून पोराची वह्या-पुस्तकं येतात, एक वाघदेवाला जाते (देवाला बॉयलर चालत नाही). हे आम्ही पत्रकारांनी नुकसानीच्या आकड्यात कधी धरलंच नाही. पक्षी मोजले.

आता वारं फिरलंय. २०१९च्या पशुगणनेत देशातले ८५ कोटी पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले. परसातले आधीच्या गणनेपेक्षा ४६ टक्क्यांनी वाढले, फार्मचे फक्त साडेचार. झाबुआच्या कडकनाथला २०१८ला भौगोलिक मानांकन मिळालं. लगेच कडकनाथच्या नावावर पैसे गोळा करून शेतकऱ्यांना बुडवणारेही आपल्याच राज्यात निघाले. कोंबडी काळी, धंदाही काळा. आमच्या सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींच्या कोंबडीची 'अंकलेश्वर' म्हणून अधिकृत नोंद आहे. नदी-नाल्याच्या अलीकडची आमची कोंबडीही 'बुसरा' म्हणून नोंदलेली आहे, पण लोकांच्या तोंडी ती नुसतीच 'गावरान'.

माझ्या कोंबड्या नवापूर भागातल्या आठवडे बाजारातून आणल्या, चार वर्षांपूर्वी. पहिल्याच उन्हाळ्यात मानमोडीने सात मेल्या. मानमोडी म्हणजे तेच राणीखेत. या रोगाची १९२७-२८च्या सुमारास उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंद झाली म्हणून हे नाव. १९१८च्या माणसांच्या फ्लूलाही आपले आजे-पणजे मानमोडीच म्हणायचे. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, चुकवत नाही. लस शंभर पक्ष्यांची मिळते, माझी पिल्लं दहा. म्हणून गल्लीतल्या चार घरांना एकाच दिवशी बोलावतो. थंडीच्या बॉक्समधून लस आणायची जबाबदारी माझी. २०२१ला नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला तेव्हापासून रानपाखरं पाणी पितात ती भांडी आणि कोंबड्यांची भांडी वेगळी ठेवतो, आणि बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात.

नवापूर, उच्छल भागातल्या मित्रांना एक विनंती. २००६च्या त्या आठवड्यात तुमच्या घरच्या कोंबड्या गेल्या असतील, तर किती होत्या, कशा रंगाच्या, भरपाई मिळाली का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला कळवा. मावचीत, कोकणीत, अहिराणीत, कशातही. या वेळी कळलं नाही तर विचारीन.

तांबडी कालपासून खुडूक बसलीय. अकरा अंडी ठेवलीत तिच्याखाली.