एकदा सुटला तो कायमचा सुटला

गुलामाला कोर्टात उभं राहता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो माणूस नसून मालमत्ता असतो. अमेरिकेतल्या गुलामी मानणाऱ्या राज्यांचा हाच नियम होता आणि मिसुरी त्यातलंच एक. तरीही याच मिसुरीत, मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरातल्या कोर्टात, यादवी युद्धाआधीच्या पन्नासेक वर्षांत गुलामांनी आपल्या मालकांवर लावलेल्या सुमारे ३०० दाव्यांची कागदपत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. बरेच दावे गुलामांनी जिंकले. निकाल देणारी ज्यूरी गोऱ्यांची, न्यायाधीश गोरे, त्यांतल्या कित्येकांच्या घरी स्वतःचे गुलाम. ही चाल कुठून आली आणि तिचा गळा कुणी घोटला, ते नीट पाहिल्याशिवाय १८५७ चा तो कुप्रसिद्ध ड्रेड स्कॉट निकाल समजत नाही. एरवी तो एका म्हाताऱ्या सरन्यायाधीशाचा हेकटपणा वाटतो.

मूळ इंग्लंडात आहे. जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाने अमेरिकेतून लंडनला आणलं. तिथे तो पळाला, पकडला गेला आणि जमैकाला विकण्यासाठी जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. त्याच्या मित्रांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. २२ जून १७७२ रोजी न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितलं की गुलामी ही इतकी घृणास्पद गोष्ट आहे की तिला आधार देणारा स्पष्ट कायदा असल्याशिवाय ती टिकूच शकत नाही. इंग्लंडात तसा कायदा नाही, सबब या माणसाला सोडा. मॅन्सफील्ड काही क्रांतिकारक नव्हते. निकाल जितका अरुंद देता येईल तितका त्यांनी दिला. पण त्यातून निघणारा अर्थ अटलांटिक ओलांडून गेला: गुलामी मातीला चिकटलेली असते. ती माती सोडली की ती गळून पडते.

अमेरिकेत या विचाराला पाय ठेवायला जागा मिळाली १७८७ मध्ये. ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलखासाठी काँग्रेसने केलेल्या कायद्यात गुलामीला बंदी होती. पुढे त्याच मुलखातून इलिनॉय राज्य झालं, आणि इलिनॉय व मिसुरी यांच्यामध्ये काय होतं? एक नदी. मालक मंडळी कॅरोलायना किंवा व्हर्जिनियातून पश्चिमेकडे सरकताना वाटेत इलिनॉयमध्ये दोन-चार वर्षं शेती करत, मग पलीकडे जात. सोबतचे गुलाम त्या काळात मुक्त भूमीवर राहिलेले असत. प्रश्न असा होता की नदी पुन्हा ओलांडली की बेडी पुन्हा पायात येते का?

मिसुरी राज्य होण्याआधीच, १८०७ मध्ये, तिथल्या कायद्याने आपल्याला अन्यायाने गुलामीत ठेवलं आहे असं म्हणणाऱ्याला दाद मागायची मुभा दिली होती. १८२४ मध्ये राज्याने ती नव्याने पक्की केली. पद्धत मोठी गमतीची होती. गुलामाने गरीब म्हणून अर्ज करायचा, न्यायाधीशाने त्याला वकील नेमून द्यायचा. दावा ‘मला मुक्त करा’ असा नसेच. तो असे मारहाणीचा आणि बेकायदा डांबून ठेवल्याचा. मालकाने उत्तर द्यायचं की हो, डांबलं, कारण हा माझा गुलाम आहे. मग तो गुलाम आहे की नाही, एवढंच ज्यूरीने ठरवायचं. खटला चालू असताना फिर्यादीला राज्याबाहेर नेऊन विकायला मनाई असे. शेरीफ त्याला तिऱ्हाइताकडे कामावर लावून देई आणि मजुरी साठवून ठेवी. जिंकेल त्याची ती मजुरी.

१८२४ मध्येच विनी नावाच्या बाईचा खटला मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालकीण फीबी व्हाइटसाइड्स हिने तिला कॅरोलायनाहून आणताना तीन-चार वर्षं इलिनॉयमध्ये ठेवलं होतं. न्यायालय म्हणालं, जिथे गुलामीला बंदी आहे तिथे मालकाने वस्ती केली की हक्क संपला. मिसुरीत आल्याने तो परत जिवंत होत नाही. ‘एकदा सुटला तो कायमचा सुटला’ हा नियम असा पक्का झाला. मिसुरी त्यात एकटं नव्हतं. मिसिसिपीने १८१८ मध्ये, केंटकीने १८२० मध्ये, लुइझियानाने १८२४ मध्ये तसेच निकाल दिले. मिसिसिपी आणि लुइझियाना! कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांची, गुलामांच्या घामावर उभी असलेली राज्यं. या न्यायाधीशांना कळवळा आला होता असं समजायचं कारण नाही. शेजारच्या राज्याने कायद्याने दिलेलं आपण काढून घेतलं, तर उद्या आपल्या कायद्याने दिलेलं ते मानणार नाहीत, हा व्यवहार होता. गुलामी मानणारे आणि न मानणारे एका छपराखाली राहत होते ते अशा व्यवहारांच्या बळावर. माझ्या मते या कथेचा कणा हाच आहे.

नियम किती ताणला जाऊ शकतो हे १८३६ मध्ये रेचेलच्या खटल्यात दिसलं. तिचा मालक लष्करी अधिकारी. तो म्हणाला, मी स्वखुशीने थोडाच उत्तरेत गेलो, सरकारने फोर्ट स्नेलिंगला बदली केली. न्यायालयाने ऐकलं नाही. बदली सरकारने केली असेल, पण गुलाम सोबत न्यायला सरकारने सांगितलं नव्हतं. रेचेल सुटली.

पॉली नावाच्या बाईने अशीच स्वतःची सुटका करून घेतली आणि मग मुलीसाठी, ल्यूसीसाठी, दावा लावला. अजाण वयातली ल्यूसी खटला संपेपर्यंत सतरा महिने तुरुंगात राहिली. कारण काय, तर पळून जाऊ नये. १८४४ मध्ये तिची बाजू एडवर्ड बेट्स या नामांकित वकिलाने मांडली. मुक्त आईच्या पोटी जन्मलेलं मूल मुक्त, एवढाच मुद्दा. ज्यूरीला तो पटला. ल्यूसीने पुढे, १८९१ मध्ये, ही हकिकत पुस्तकरूपात लिहून ठेवली. बेट्स स्वतः गुलाम बाळगलेला माणूस. त्याचं नाव लक्षात असू द्या.

आता ड्रेड स्कॉट. जन्म व्हर्जिनियात, १८०० च्या आगेमागे. मालक पीटर ब्लो त्याला सेंट लुईसला घेऊन आला. पुढे लष्करी डॉक्टर जॉन एमर्सनने त्याला विकत घेतलं. एमर्सनसोबत तो आधी इलिनॉयमध्ये आणि मग रेचेलच्याच त्या फोर्ट स्नेलिंगमध्ये राहिला. तो मुलूख काँग्रेसने १८२० मध्ये केलेल्या मिसुरी तडजोडीच्या कायद्याने गुलामीमुक्त ठरवलेला, ३६ अंश ३० कलांच्या रेषेच्या बऱ्याच उत्तरेला. तिथे त्याचं हॅरिएट रॉबिन्सनशी लग्न झालं, तेही रीतसर, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. गुलामांच्या लग्नाला कायदा विचारत नसे, म्हणून या लग्नाला वजन आहे. दोन मुली झाल्या; थोरली मिसिसिपीवर आगबोटीतच जन्मली. एमर्सन १८४३ मध्ये वारला. ६ एप्रिल १८४६ रोजी ड्रेड आणि हॅरिएट यांनी त्याच्या विधवेवर, आयरीन एमर्सनवर, वेगवेगळे दावे लावले. इतिहास नवऱ्याच्या नावाने लिहिला गेला, पण खरी निकड हॅरिएटच्या दाव्यात होती: मुलांचा दर्जा आईवरून ठरे.

विनी आणि रेचेलच्या निकालांनंतर हा खटला सरळसोट होता. तरी १८४७ मध्ये ते हरले. ज्या साक्षीदाराने आपण स्कॉट कुटुंबाला एमर्सनबाईंकडून कामावर घेतल्याचं सांगायचं होतं, तो उलटतपासणीत म्हणाला की व्यवहार माझ्या बायकोने केला, मला ऐकून माहीत. म्हणजे एमर्सनबाई मालकीण असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून स्कॉट तिच्याच ताब्यात राहणार! फेरखटला मंजूर झाला. १८४९ ची आग आणि पटकीची साथ यांमुळे तो लांबला. जानेवारी १८५० मध्ये ज्यूरीने त्यांना मुक्त ठरवलं. मालकीण अपिलात गेली.

आणि एवढ्यात हवा पालटली होती. मेक्सिकोकडून जिंकलेल्या प्रचंड मुलखात गुलामी असावी की नसावी यावर काँग्रेस पेटली होती. पळालेले गुलाम परत देण्याची सक्ती करणाऱ्या १८५० च्या कायद्याने उत्तर संतापली होती. त्यातच १८५१ पासून मिसुरीचे सर्वोच्च न्यायाधीश निवडणुकीने येऊ लागले. मार्च १८५२ मध्ये न्यायमूर्ती विल्यम स्कॉट यांनी अठ्ठावीस वर्षांचा नियम मोडीत काढला. आता काळ पूर्वीचा राहिला नाही, गुलामीविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांच्या कायद्याची अंमलबजावणी मिसुरीने का करावी, असा एकूण सूर. तिघांपैकी एकटे हॅमिल्टन गॅम्बल विरोधात गेले: काळ बदलला असेल, तत्त्व बदललेलं नाही. गॅम्बलही गुलाम बाळगणारे, आणि त्या एडवर्ड बेट्सचे साडू.

दरी खऱ्या अर्थाने रुंदावली ती इथे, असं मला वाटतं. १८५७ चा गाजावाजा मोठा, पण दोन्ही बाजूंना बांधणारा व्यवहार मिसुरीने आधीच तोडला होता.

स्कॉटचे वकील आता संघराज्याच्या कोर्टात गेले. एका राज्याचा नागरिक दुसऱ्या राज्याच्या नागरिकावर तिथे दावा लावू शकतो. एमर्सनबाईंचा भाऊ जॉन सॅनफर्ड न्यूयॉर्कचा, म्हणून तो प्रतिवादी. कारकुनाने त्याच्या नावात एक ‘ड’ जास्त घातला आणि खटला आजतागायत ‘स्कॉट विरुद्ध सॅंडफर्ड’ म्हणूनच छापला जातो. पण या दाराने शिरताना ‘स्कॉट नागरिक आहे का’ हा प्रश्न आपोआप आत आला. मिसुरीच्या कोर्टात तो कधी कुणी विचारला नव्हता.

तिथून खटला अपिलात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे नऊपैकी पाच न्यायमूर्ती गुलामीच्या राज्यांतले. नवनिर्वाचित अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनी शपथविधीआधी न्यायमूर्तींशी पत्रव्यवहार केला, पेनसिल्व्हेनियाच्या ग्रिअर यांनी बहुमतासोबत जावं म्हणून गळ घातली, आणि ४ मार्च १८५७ च्या भाषणात, न्यायालय जो निकाल देईल तो आपण आनंदाने मानू असं साळसूदपणे सांगितलं. निकाल काय येणार हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं. दोन दिवसांनी ऐंशीच्या उंबरठ्यावरचे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी तो वाचून दाखवला. गुलामांचे वंशज, मग ते मुक्त का असेनात, अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत. राज्यघटना लिहिली गेली तेव्हा गोऱ्याने मान राखावा असा कोणताही हक्क त्यांना नव्हता. काँग्रेसला कोणत्याही केंद्रशासित मुलखात गुलामी बंद करता येत नाही, कारण ते मालकाची मालमत्ता हिरावणं होईल. म्हणजे मिसुरी तडजोड घटनाबाह्य. आणि स्कॉटचा दर्जा मिसुरीच ठरवील. सात विरुद्ध दोन. काँग्रेसचा कायदा न्यायालयाने रद्द ठरवण्याची १८०३ नंतरची ही पहिलीच वेळ.

यातली खोच मॅसॅच्युसेट्सच्या न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी लगेच पकडली. स्कॉट नागरिक नाही म्हणून त्याचा दावाच चालत नसेल, तर मिसुरी तडजोडीवर बोलण्याचा अधिकार न्यायालयाला कुठून आला? आणि इतिहासही चुकीचा आहे: संघराज्य उभं राहत होतं तेव्हा न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णी मतदान करत होते. टॉनींनी नंतर आपल्या निकालपत्रात भर घातली. ते वाढवलेलं निकालपत्र कर्टिस यांना पाहायला मिळण्यावरून दोघांचं वाजलं आणि कर्टिस यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला.

टॉनींना वाटलं होतं, वाद मिटला. रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच नव्या मुलखात गुलामी पसरू न देणं हा होता. न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पक्ष बुडायला हवा होता, तो वाढला. उत्तरेतल्या ज्या शेतकऱ्याला कृष्णवर्णीयांबद्दल काडीची आस्था नव्हती तोही विचारू लागला, आज मुलखांत बंदी चालत नाही, मग उद्या आमच्या राज्यात तरी चालेल का? भीती अगदीच हवेतली नव्हती. व्हर्जिनियाहून टेक्सासला जाताना न्यूयॉर्कला उतरलेल्या एका कुटुंबाचे आठ गुलाम तिथल्या कोर्टाने सोडले होते आणि त्या खटल्याचं अपील वरच्या कोर्टांत सरकत होतं. रिपब्लिकन नेते अब्राहम लिंकन यांनी १८५८ मध्ये हीच भीती बोलून दाखवली. त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस जास्त अडचणीत आले. ‘मुलखातले लोक ठरवतील’ हे त्यांचं ब्रीद. पण काँग्रेसला नाही तो अधिकार मुलखाच्या विधिमंडळाला कसा असेल? फ्रीपोर्टच्या सभेत त्यांनी पळवाट सांगितली: स्थानिकांनी संरक्षणाचे कायदेच केले नाहीत तर गुलामी टिकणार नाही. दक्षिणेला हा विश्वासघात वाटला. हक्क घटनेने दिला असेल तर संघराज्याने त्याला संरक्षण द्यायलाच हवं, असा तिचा हट्ट झाला. १८६० च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात याच मागणीवरून दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले आणि डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला. सुमारे ४० टक्के मतांवर लिंकन निवडून आले. त्यांना शपथ दिली ती टॉनी यांनीच.

स्कॉट कुटुंबाची सुटका कोर्टाने केली नाही. आयरीनबाईंचा दुसरा नवरा मॅसॅच्युसेट्सचा गुलामीविरोधी काँग्रेस सदस्य निघाला. लाजेकाजेने स्कॉट मंडळी ब्लोच्या मुलाच्या नावे करण्यात आली आणि त्याने २६ मे १८५७ रोजी त्यांना मुक्त केलं. ड्रेड एका हॉटेलात हमाली करू लागला आणि पुढच्या वर्षी क्षयाने गेला.

लिंकन यांनी अ‍ॅटर्नी जनरल नेमला तो ल्यूसीचा वकील, एडवर्ड बेट्स. १८६२ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एक व्यापारी गलबत अडवण्यात आलं, कारण त्याचा कप्तान कृष्णवर्णी होता आणि अमेरिकी जहाजाचा कप्तान नागरिकच असावा लागे. अर्थमंत्र्याने सल्ला विचारला. बेट्सने नोव्हेंबरात लेखी मत दिलं: या देशात मुक्त जन्मलेला माणूस, रंग कुठलाही असो, नागरिक आहे; टॉनींचं म्हणणं त्या खटल्यापुरतं. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामी संपली. इकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली ती त्याच लढ्याची आठवण ठेवून. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने टॉनींचा निकाल पुसला: अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेला प्रत्येक जण नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाला १८९८ मध्ये याच वाक्याने नागरिकत्व मिळालं, आणि एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांनाही. जानेवारी २०२५ मध्ये आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मुलांना ते नाकारणारा अध्यक्षीय आदेश निघाला, खालच्या कोर्टांनी तो अडवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्हीकडच्या वकिलांनी तिथे ड्रेड स्कॉटचंच नाव घेतलं.