एका चॅनेलवर एकच आज्ञा

जावातून लांबच्या सर्व्हरवर कामं करणारे प्रोग्राम मी लिहितो. टीममधली नवी मुलं हमखास विचारतात, ‘सर, पहिल्या आज्ञेत फोल्डर बदलला, तरी दुसरी होम फोल्डरातच कशी चालते?’ याचं उत्तर जुनं आहे.

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले. लांबच्या यंत्रावर लॉगिन करून देणारे टेलनेट, आरलॉगिन हे प्रोग्राम सगळं उघड्या पोस्टकार्डासारखं पाठवत. तिथल्या तातू इल्योनेन यांनी सगळं सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच लिहिलं आणि एफटीपीचं २१ व टेलनेटचं २३ यांच्यामधलं २२ नंबरचं पोर्ट मागून घेतलं. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं. एसएसएचच्या २००६ च्या आरएफसी ४२५४ या मानकात नियम स्पष्ट आहे: एका जोडणीत चॅनेल अनेक, पण एका चॅनेलवर एकच शेल किंवा एकच आज्ञा. जावाची जेएसच लायब्ररी तोच पाळते. त्यामुळे प्रत्येक आज्ञेला नवा शेल मिळतो. त्याला आधीचा फोल्डर ठाऊक नसतो.

म्हणून मी आज्ञा && ने जोडून एकदमच पाठवतो. पहिली फसली की पुढची थांबते. अर्धविरामाने जोडल्या तर थांबत नाही. फोल्डर बदलणारी ‘सीडी’ फसल्यावर फायली पुसणारी ‘आरएम’ भलत्याच फोल्डरात चालते. शेल चॅनेलवर ओळीमागून ओळ पाठवता येते, पण कुठलं उत्तर कुठल्या आज्ञेचं, हे आपणच ओळखायचं.